काचेतल्या मुलीचं माप

१

माझ्या गिऱ्हाइकांत एकच अशी होती, जिचं माप पुन्हा घ्यावं लागत नसे. बाकीच्या बायका वर्षाला दोन इंच रुंदावतात आणि खापर माझ्या कात्रीवर फोडतात. ही मात्र नऊ वर्षं होती तश्शी होती. उंची शेहेचाळीस, छाती बावीस, बाही पंधरा. वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे होते आणि भिंतीवरच्या खिळ्याला तिचा कागदी साचा. तिच्या सणाच्या दीड महिना आधी तो साचा काढायचा, कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ ओढायची आणि कापायचं. हात आपोआप चालत.

ही म्हणजे आमच्या चर्चमधली लहानगी संत. डावीकडच्या भिंतीत काचेचं उंच कपाट आहे, त्यात ती उभी. चेहरा लाकडी, रंगवलेला. डोक्यावर पातळ पत्र्याचा मुकुट. सगळे तिला लहानगीच म्हणतात. तिचे हात खांद्यातून वर उचलता येतात, म्हणून झगा डोक्यावरून घालता येतो. मान मात्र ताठ. डोकं, मान आणि धड एकाच खोडातून कोरलेलं. त्यामुळे गळा नेहमी अर्धा इंच मोठा ठेवायचा, नाहीतर कापड कानात अडकतं.

हे काम माझ्याकडे माझ्या सासूबाईंकडून आलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिचं काम मन लावून कर. ही एकटीच बिचारी तक्रार करत नाही."

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली गेली. सात वर्षांची होती. सहा दिवस ताप होता, सातव्या दिवशी उतरला तो तिला घेऊनच. शिंपिणीच्या मुलीला शेवटचा झगा दुकानातून आणावा लागला, कारण माझे हात सुई धरेनात. तो तिला बगलेत सैल होता. डाव्या खांद्यावरून सारखा घसरत होता, आणि मी तो सारखा वर सरकवत होते. शेवटी माझ्या नवऱ्यानं माझा हात धरून बाजूला घेतला.

त्या वर्षी लहानगीला मी नवा झगा शिवलाच नाही. पुढच्या वर्षी शिवला, तो थोरलीच्या कापडाचा. तिच्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे वेदीवरचा प्रसाद ती पहिल्यांदा घेईल त्या दिवसासाठी, मी हौसेनं आधीच आणून ठेवलेलं पांढरं कापड, अख्खा तागा. घरातलं कपाट उघडलं की समोर दिसायचं. म्हटलं, तिला नाही तर हिला तरी लागू दे. झगा घालताना, घरात नवा कपडा घातला की मी मुलींना म्हणायची तेच तोंडातून निघून गेलं: "कापड फाटू दे, तू वाढत राहा."

लगेच जीभ चावली. कोणाला काय म्हणतो आपण!

हे मागच्या वर्षीचं. यंदा पुन्हा साचा काढला, त्याच पांढऱ्या ताग्यातलं कापड कापलं, कच्चे टाके घातले आणि एका सकाळी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चमध्ये गेले. किल्लीकाकांनी कपाट उघडून दिलं. ते चर्चची देखभाल करतात. कमरेला एवढा जुडगा, की ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो. मी मागच्या वर्षीचा झगा घाईत उतरवला, नवा लहानगीच्या डोक्यावरून घातला, पाठीमागचे बंद बांधले, दोन पावलं मागे सरकले.

तिचे घोटे दिसत होते.

२

शिंपी माणसाचा पहिला संशय स्वतःवर, दुसरा टेपवर, तिसरा कापडावर. देवाधर्माकडे बोट दाखवायची पाळी फार उशिरा येते, आणि शक्यतो येऊच नये.

कापड आटलं म्हणावं, तर पाण्याला लागलंच नव्हतं. साचा कोणी कातरला म्हणावं, तर लहानगीच्या एका जुन्या पिवळ्या झग्यावर ठेवून पाहिला, बरोबर बसला. टेप कापडी होता, कापडी टेप वापरून वापरून लांबतो. पण टेप लांबला तर माप कमी भरतं आणि कापड जास्त कापलं जातं. इथे उलटच झालेलं. तरी शेजारच्या सुताराकडून पोलादी पट्टी मागून आणली आणि टेप तिच्यावर धरला. तंतोतंत.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. ते बेकरीत भट्टीवर असतात. पहाटे जातात, दुपारी येतात, आणि कितीही तोंड धुतलं तरी भुवयांत पीठ राहतंच.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "हवा दमट झाली की आमच्या कोठाराचं दारसुद्धा फुगतं. लाथ मारावी लागते."

"दार रुंदीत फुगतं. उंचीत नाही."

"मग तूच चुकलीस."

"हो ना," मी म्हटलं. मला ते मनापासून आवडलं असतं. चूक माझी असती तर चार बोटं पट्टी जोडून विषय संपला असता.

दुसऱ्या दिवशी सुताराची पट्टी घेऊनच गेले. किल्लीकाकांना सांगितलं, यंदा नवी फॅशन करतेय, माप नीट हवंय.

"तिला कसली फॅशन!" ते हसले. मग कपाटाची वरची चौकट दाखवत म्हणाले, "पण बरं झालं आलीस ते. बघ, मुकुट हल्ली वर घासतो. कपाट खचलंय बहुतेक. फादरना सांगून खालचा पाट तासून घ्यावा म्हणतो."

पट्टीवर उंची आली एकोणपन्नास. बाही सोळा. पट्टी तिच्या हातावर टेकवली तेव्हा लाकूड थंड होतं, जसं असायला हवं तसं. एका बोटाच्या टोकाचा रंग उडालेला, तोही नेहमीसारखाच. सगळं नेहमीसारखं होतं, फक्त मोठं होतं.

३

फादरना मी सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की ही मूर्ती बदलली होती का, मध्ये कधी दुरुस्तीला वगैरे गेली होती का.

फादर म्हातारे, सदा सर्दी झालेले, आणि इतिहासाचे भारी वेडे. त्यांना वेळ विचारली तर घड्याळाचा शोध कोणी लावला तिथून सुरू करतात. वेदीमागच्या खोलीत, जिथे मिस्साचे कपडे घडी करून ठेवलेले असतात, तिथल्या स्टुलावर बसून ते म्हणाले, "बदलली कसली! दोनशे वर्षं तिथेच आहे. नुसती मूर्ती नाही ती. आत अवशेष आहेत."

"हाडं?"

"हाडं. त्या काळी दूरच्या शहरांत जमिनीखाली जुनी थडगी सापडत. पहिल्या ख्रिस्ती लोकांची. कोण, कुठले, काही माहीत नाही. हाडं पेटीत भरून गावोगावच्या चर्चना पाठवायचे. आपल्या वाट्याला ही आली. पेटीवर एवढंच लिहिलेलं, की लहान मुलगी. मग कुणीतरी लाकडाचं शरीर केलं आणि नाव दिलं."

"म्हणजे खरं नाव कुणालाच माहीत नाही?"

"देवाला असेल." त्यांनी नाक पुसलं. "शिंपीणबाई, मी आयुष्यभर संतांचा इतिहास वाचला. शेवटी एवढंच कळलं, की आपण आपलं ओझं ज्यांच्यापाशी ठेवून घरी जातो, त्यांना आपण संत म्हणतो. ते ओझं ते कुठे ठेवतात, हे कोणी विचारत नाही."

"आणि हिची आई?"

"कुणाची?"

"हिची. हिलाही आई असेलच की."

फादर हळूच म्हणाले, "हा प्रश्न दोनशे वर्षांत कोणी विचारला नसेल."

जाताना मी पुन्हा कपाटापाशी थांबले. दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून तिरपं येत होतं. कच्च्या टाक्यांचा झगा तिच्या अंगावरच होता. घाईत काढायचा राहिला होता.

झगा डाव्या खांद्यावरून घसरला होता.

माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात, हे शिंप्याला शिकवावं लागत नाही. माझ्या थोरलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. तिच्या प्रत्येक कपड्याला मी डावीकडे आतून कापसाची बारीक गादी घालायची. बाहेरून कळायचं नाही. आणि लाकडाचे खांदे? ते कारागिरानं ओळंबा लावून केलेले असतात. नऊ वर्षं मी त्या खांद्यांवर कापड बसवलं होतं. दोन्ही सारखे होते.

मी पट्टी लावली नाही. हातानं चाचपलं. अर्धा इंच.

४

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं. मला भीती वाटली, हे खरं. पण ती संध्याकाळपर्यंतच टिकली. त्यानंतर जे वाटलं तो आनंद होता.

भाजी चिरताना मी गुणगुणत होते. माझ्याच लक्षात आलं आणि मी गप्प झाले. दोन वर्षांत या घरात कोणी गुणगुणलं नव्हतं.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. कधी लेस लावायची आहे म्हणून, कधी बंद बदलायचे म्हणून. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. किल्लीकाका कपाट उघडून देत आणि बाकं पुसायला जात. मी वहीत नवं पान काढलं. एकोणपन्नास. दहा दिवसांनी एकोणपन्नास आणि वर पट्टीवरची एक बारीक रेघ. पुढे आणखी एक रेघ. पानाच्या वर नाव लिहिलं नाही, पण कोणाचं पान ते मला ठाऊक होतं.

मन वाद घालायचं. बाई, तुला जे हवं तेच तुला दिसतंय. दुःखानं माणसं भिंतीवरच्या ओलीत चेहरे बघतात, तू लाकडात खांदा बघतेस. मी म्हणायची, बरं, पोलादी पट्टीला कसलं दुःख? तिला काय हवंय? मग मन गप्प बसायचं आणि मी खडू उचलायची.

एकदा एक म्हातारी बाई मेणबत्ती लावायला आली. काचेतून बघत म्हणाली, "हल्ली हिचा चेहरा हसरा वाटतो, नाही?"

चेहरा तोच होता. मी म्हटलं, "नव्या झग्यामुळे असेल."

५

धाकटीला आम्ही बटण म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. थोरलीनंच ठेवलेलं नाव. सहा वर्षांची, तोंडानं साठ वर्षांची.

एका दुपारी शाळेतून उड्या मारत आली. "आई, मी रांगेत पहिली झाले!"

"अरे वा! मग आधी पहिली कोण होतं?"

"आधी मी चौथी होते. बाईंनी सगळ्यांना उंचीनं उभं केलं. आता माझ्या मागे सगळे!"

मी हातातला कपडा खाली ठेवला. मागच्या वर्षी तिचा शाळेचा गणवेश शिवला तेव्हा खाली तीन इंच दुमड ठेवली होती, वर्षाअखेरीस सोडायला लागेल म्हणून. ती दुमड मी सोडली नव्हती. सोडायची वेळच आली नव्हती. शेजारणी म्हणत, "तुझं बरं आहे, तुझ्या पोरीचे कपडे टिकतात." मी हसायची.

"इकडे ये," मी म्हटलं. "दाराशी उभी राहा. टाचा टेकव."

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दोघींच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. थोरलीच्या खुणा जिथे थांबतात तिथे मी बघत नाही. बटणची शेवटची खूण मागच्या वर्षीची, लहानगीच्या सणाच्या दिवशी केलेली. मी तिच्या डोक्यावर वही आडवी धरली.

रेघ रेघेवर पडली. केसभरही फरक नाही.

"आ कर."

"का?"

"कर म्हटलं ना."

खालचा पुढचा दात हलत होता. तो दात हलायला लागला तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं, कारण वर्गात तिचाच पहिला हलला होता. ते मागच्या वर्षी. अजून तो तसाच हलत होता. मी तिचा हात हातात घेतला आणि आठवू लागले, हिची नखं शेवटची कधी कापली? आठवेना. नेलकटर ड्रॉवरच्या तळाशी सापडलं. त्याच्या पात्यांवर गंज चढला होता.

डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली, पोट दाबलं, रक्त काढायला पाठवलं. दोन दिवसांनी कागद बघून म्हणाल्या, "सगळं उत्तम आहे. मुलं अशी मध्येच थांबतात आणि मग एकदम फुटतात. काळजी करू नका. खाते ना नीट?"

"बकासुरासारखी."

"मग झालं तर."

घरी येताना बटण माझं बोट धरून चालत होती. ते बोट मला वर्षभरापूर्वीइतकंच लहान लागलं, आणि वर्षभर मला ते लागलंच नव्हतं. मी दुसरीकडेच माप घेत होते. बटणच्या अंगात जे तीन इंच यायला हवे होते ते कुठे गेले, याचा हिशोब माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

६

नवऱ्याला सांगितलं ते दुपारच्या जेवणानंतर. बटण शाळेत होती. ते नखांत अडकलेलं पीठ काडीनं काढत होते. मी सगळं सांगितलं: झगा, पट्टी, खांदा, दाराची रेघ, दात. मला वाटलं, हसतील किंवा चिडतील, किंवा डॉक्टरला दाखवू म्हणतील, या वेळी मलाच.

त्यांनी काडी खाली ठेवली.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"उंची."

त्यांचा आवाज असा होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "साडेएकोणपन्नास," मी म्हटलं.

"मला दाखव."

आम्ही तीनच्या सुमाराला गेलो. चर्च रिकामं होतं. किल्लीकाकांकडून किल्ली घेतली आणि कपाट मीच उघडलं. हे तिच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी तिचा मुकुट काढून माझ्या हातात दिला, आपला पंजा तिच्या डोक्यावर आडवा ठेवला आणि तसाच सरळ आपल्या छातीपर्यंत आणला. बेकरीतून आले की ते थोरलीला असंच मापायचे. ती शर्टाच्या चौथ्या बटणाला लागायची. पंजा तिसऱ्यावर आला.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. लहानगीच्या गालावर धूळ होती, ती पुसली.

"अगं," ते म्हणाले, "दोघीही नाही का ठेवता येणार?"

मी मुकुट पदरात धरला.

"बटणला दूध लागतं, पाव लागतो, भांडायला कोणीतरी लागतं," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. "हिला काय लागतं?"

"हिला बटण लागते," मी म्हटलं.

कुठेतरी वर पाकोळी फडफडली. आम्ही दोघंही दचकलो, आणि मग दोघंही वर न बघता काचेकडेच बघत राहिलो.

"फादरना सांगू," शेवटी ते म्हणाले. "मूर्ती दुसरीकडे पाठवतील. मोठ्या शहरात, जुन्या वस्तू ठेवतात तिथे."

"आणि तिथे ती वाढत राहिली तर? आपल्याला कळणारही नाही." मी मुकुट पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवला. "वाढ असं मी म्हटलं होतं. पुरे हेही मलाच म्हणावं लागेल."

७

कापडाच्या प्रत्येक शिवणीत थोडं जास्तीचं कापड आत सोडतात. पुढे अंग भरलं, उंची वाढली, तर उसवून सोडता यावं म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. मुलांच्या कपड्याला भरपूर माया ठेवावी, असं सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोठ्या माणसांना इंचभर पुरते. आणि एकच कपडा असा असतो ज्याला माया ठेवत नाहीत, कारण तो घालणारा पुढे वाढणार नसतो.

मी तो कपडा शिवायला बसले. पांढऱ्या ताग्यातलं उरलेलं सगळं कापड घेतलं. मशीनवर नाही, हातानं. साडेएकोणपन्नास उंची, सोळा आणि वर दोन रेघा बाही. डाव्या खांद्याला कापसाची गादी. शिवणी काठाला काठ लावून बंद केल्या. खालची दुमड अर्धाच इंच, सूत सुटू नये एवढीच. उरलेल्या चिंध्या नवऱ्यानं भट्टीत टाकल्या. या वेळी माझ्या हातांनी सुई धरली.

फादरना आता सगळं सांगितलं होतं. त्यांनी एका शब्दानंही इतिहास सांगितला नाही. म्हणाले, "मी बाकावर बसतो. माझी गरज लागली तर हाक मार." सकाळचे दहा वाजले होते. नवरा त्या दिवशी भट्टीवर न जाता दाराशी, बाहेरच्या पायरीवर पाठ करून बसला होता.

मी लहानगीच्या अंगावरचा झगा काढला. मुकुट काढला. तिचे हात वर उचलले. आधी खऱ्या लहानगीला, त्या पेटीतून आलेल्या बिननावाच्या मुलीला मी मनात म्हटलं, बाई, तुझ्या जागी मी माझीला बसवलं, मला क्षमा कर. मग झगा तिच्या डोक्यावर धरला.

मोठा गळा ठेवायला मी विसरले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा. गळा तिच्या कपाळावर अडकला. मी जरासा ओढला.

थोरलीला कपडा घालताना गळा अडकला की ती मान खाली घालायची आणि डोकं माझ्या पोटाला टेकवायची. "ओढ आता," म्हणायची.

माझ्या पोटाला काहीतरी टेकलं.

मी खाली बघितलं. पांढऱ्या कापडाच्या गोल गळ्यातून मला एक मान दिसली. वाकलेली. तिच्यावर बारीक मऊ केस होते, घामानं कातडीला चिकटलेले.

किती वेळ ते मी सांगू शकत नाही. एक श्वास असेल. मी कापड ओढलं नाही, सोडलंही नाही. माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "पुरे गं बाई," मी म्हटलं. "आता पुरे. एवढीच."

झगा सरकन खाली गेला. घोटे झाकले गेले. समोर रंगवलेला लाकडी चेहरा होता, मान ताठ, डोळे नेहमीसारखे वर लावलेले. झगा असा बसला होता की कुठे सुरकुती नाही. खांद्यावरून घसरला नाही.

माझ्या पोटावर, साडीला, तळहाताएवढा ओला डाग होता. फादरनी तो बघितला.

८

चौथ्या दिवशी बटणचा दात पावात अडकून पडला. तिनं इतका आरडाओरडा केला की शेजारणी धावत आल्या. तिची नखं आठवड्यात दोनदा कापावी लागली. महिन्याभरात गणवेशाची दुमड सोडली, सहा महिन्यांनी नवा शिवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं का?"

काचेतली उंची साडेएकोणपन्नासवर थांबली. मी तीनदा जाऊन मोजलं, आणि मग पट्टी सुताराला परत केली. फादरनी सगळ्यांना सांगितलं की लहानगीला यापुढे नवा झगा नाही, हाच राहील. लोक थोडे कुरकुरले, मग विसरले. नवरा आता रविवारी डावीकडच्या बाकावर बसतो, कपाटाच्या अगदी शेजारी. मी उजवीकडे बसते.

दीड वर्ष गेलं. परवा दुपारी किल्लीकाका घरी आले, हातात कागदात गुंडाळलेलं बोचकं. "काच पुसायला कपाट उघडलं होतं," ते म्हणाले. "झग्याची खालची शिवण सुटलीय. दोन टाके घालून दे."

ते गेल्यावर मी झगा मांडीवर घेतला. जीर्ण होऊन सूत तुटलं असेल असं वाटलं होतं. जीर्ण सूत जागोजागी तुटतं, कुठेही, कसंही. इथे एकेक टाका सोडवलेला होता, आतल्या बाजूनं, न घाई करता, सगळ्या घेराभर. दुमडीचं कापड खाली ओढून घेतलं होतं. घडीची जुनी रेघ जावी म्हणून ते बोटानं दाबून दाबून सरळ केलेलं दिसत होतं. दाबल्याच्या खुणा लहान होत्या.

अर्धा इंच. त्यापुढे कापडच नव्हतं.

बटण केव्हा येऊन मागे उभी राहिली ते मला कळलं नाही. दप्तर अजून पाठीला होतं. आता बसलेल्या माझ्या खांद्यावरून तिला सहज दिसतं.

"कुणाचा गं हा?"

दीड वर्षात मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. पण त्या क्षणी खोटं सुचलं नाही.

"तुझ्या ताईचा," मी म्हटलं.

तिनं झगा हातात घेतला, उलटा केला, सुटलेला काठ बघितला. शिंपिणीची मुलगी आहे, तिला कळतं.

"लहान होतोय वाटतं तिला," ती म्हणाली. "मग वाढव की."

मी सुईत दोरा ओवला. दुमड पुन्हा आत मोडली आणि होती त्याच भोकांतून, एकेक करून, टाके बंद करत गेले.